फोन येण्याआधी: नोकरीसाठी रेफरन्स कोणाचा द्यायचा, कसा मागायचा, काय तयारी करायची

शनिवारी संध्याकाळी डीमार्टमध्ये बिलिंगच्या लायनीत उभा होतो, ट्रॉलीत पाच किलो तांदूळ, मागचे आजोबा "सरका की पुढे" म्हणतायत आणि फोन वाजला. अनोळखी नंबर, ट्रूकॉलरवर लाल, तरी का कोण जाणे उचलला. पलीकडून एक मुलगी हिंदी-इंग्रजीत भराभर विचारायला लागली, अमुक अमुक तुम्हाला रिपोर्ट करत होता का, किती वर्षं, कशात चांगला आहे, कुठे कमी पडतो, परत घ्याल का. मुलगा हिरा होता हो, तीन वर्षं माझ्या टीममध्ये टेस्टिंग करत होता. पण त्या क्षणी मला त्याच्याबद्दल आठवलं काय, तर त्याच्या आईच्या हातचा भाजक्या पोह्यांचा चिवडा. कामाचं विचाराल तर "व्हेरी सिन्सिअर, व्हेरी हार्डवर्किंग", जे आपण कोणाबद्दलही बोलतो. वर्षं विचारली तर दोन सांगून मोकळा झालो.

माझं नाव दिलंय हे त्याने मला सांगितलंच नव्हतं. नोकरी लागली त्याला, पण माझ्यामुळे नक्कीच नाही.

मी एचआरवाला नाही. पुण्यात पंधरा-सोळा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, रेफरन्स मागितलेत, दिलेत आणि माणसं घेताना समोरच्यांना फोन पण केलेत. लोक रिझ्युमेवर महिनाभर घासाघीस करतात आणि रेफरन्सचा रकाना मात्र फॉर्म भरताना दोन मिनिटांत, कॉन्टॅक्ट लिस्ट वर-खाली करून भरतात. तर नीट कसं करायचं ते सांगतो.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा

बीजीव्ही आणि रेफरन्स चेक या दोन गोष्टींची आपल्याकडे कायम खिचडी होते. बीजीव्ही म्हणजे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, हे बहुतेक वेळा बाहेरच्या एजन्सीला दिलेलं असतं. ते तुमच्या जुन्या कंपनीच्या एचआरला मेल टाकतात की हा माणूस या तारखेपासून या तारखेपर्यंत होता का, डेझिग्नेशन काय, एक्झिट नीट झाली का, काही बाकी आहे का. सोबत डिग्री, पत्ता, कोर्ट केस, पीएफ. इथे तुम्ही माणूस म्हणून कसे आहात याच्याशी कोणाला देणंघेणं नाही, कागद जुळले पाहिजेत, बास. रिपोर्ट येतो तो साधारण हिरवा, अंबर किंवा लाल.

रेफरन्स चेक म्हणजे एका माणसाने दुसऱ्या माणसाला तुमच्याबद्दल विचारणं. कधी एजन्सीच विचारते, कधी नवीन कंपनीचा एचआर, आणि छोट्या कंपनीत तर मालक स्वतः फोन लावतो. आणि तिसरा एक प्रकार आहे जो कुठल्याच फॉर्मवर नसतो, तो म्हणजे "अरे तू तिथे होतास ना, हा कसा आहे रे?" पुण्यात हिंजवडी ते खराडी सगळे एकमेकांच्या कोणा ना कोणाला ओळखतात, त्यामुळे हा फोन होतोच. तो तुमच्या हातात नाही. बाकीचं आहे.

नावांची यादी पेपर टाकायच्या (म्हणजे राजीनामा द्यायच्या) आधी करायची

ऑफर हातात आल्यावर नाही. शांतपणे बसून पाच-सहा नावं लिहा, त्यातली दोन-तीनच लागतात, पण एखादा ऐनवेळी कोकणात लग्नाला गेलेला असतो आणि फोनला रेंज नसते.

सगळ्यात जोरदार नाव म्हणजे ज्याला तुम्ही थेट रिपोर्ट करत होता आणि जो आता ती कंपनी सोडून गेलाय. तो मोकळं बोलू शकतो आणि तुमच्या आत्ताच्या ऑफिसात बातमी फुटत नाही. त्यानंतर क्लायंटच्या बाजूचा माणूस, त्याचं वजन असतं पण त्याला विचारण्याआधी कॉन्ट्रॅक्टच्या दृष्टीने चालतं का ते बघा. मग टीममधला सिनिअर. तुम्ही लीडच्या जागेसाठी अप्लाय करत असाल तर तुमच्या हाताखाली काम केलेलं कोणीतरी द्या, हे फार कमी लोकांना सुचतं आणि विचारणाऱ्याला फार आवडतं.

मोठं पद बघून नाव देऊ नका. व्हाईस प्रेसिडेंटने तुम्हाला दोनदा लिफ्टमध्ये बघितलंय, तो काय बोलणार. त्यापेक्षा तो टीएल (टीम लीड) बरा ज्याच्यासोबत तुम्ही रिलीजच्या रात्री तीन वाजता मॅगी खाल्लीय.

आणि एक उद्योग अजिबात करायचा नाही, मित्राला मॅनेजर म्हणून उभा करायचा. लोकांना वाटतं कोण बघतंय. अहो ट्रूकॉलरवर "बंट्या रूमी" येतं, लिंक्डइनवर तो मॅनेजर भलत्याच कंपनीत सापडतो, आणि ऑफिशियल मेल आयडी मागितला की सगळं संपतं. एक डिस्क्रेपन्सी, म्हणजे कागदातली तफावत, समजावून सांगता येते, खोटा रेफरन्स नाही येत. नातेवाईकांचंही तेच, मामा खरंच डायरेक्टर असले तरी नको.

फ्रेशर असाल तर प्रोजेक्ट गाईड, इंटर्नशिपमधला मेंटॉर, एखादे सर-मॅडम ज्यांच्या हाताखाली खरंच काही केलंय. तेवढं पुरतं.

विचारायचं कसं

आपल्याकडची अडचण अशी की तोंडावर नाही म्हणायची कोणाला सवय नाही. "सर, रेफरन्स देऊ का तुमचा?" असं विचारलं की शंभरातले नव्याण्णव जण "हो हो, दे की, त्यात काय" म्हणणार, मनात काहीही असो. म्हणून प्रश्न असा विचारायचा की समोरच्याला अलगद बाजूला होता येईल. मी जो मेसेज टाकतो तो साधारण असा:

"नमस्कार सर, कसे आहात? मी जॉब बदलायच्या विचारात आहे. २०१९ ते २०२२ आपण एकत्र काम केलं त्याबद्दल कोणाचा फोन आला तर तुम्हाला मोकळेपणाने चांगलं सांगता येईल का? फार आठवत नसेल किंवा कंपनीच्या पॉलिसीत बसत नसेल तर अगदी स्पष्ट सांगा, मी दुसऱ्या कोणाला विचारतो, काही वाटणार नाही. चालणार असेल तर उद्या पाच मिनिटं फोन करतो."

आता उत्तर ऐकायचं ते शब्दांपेक्षा सुरात. "अरे बिनधास्त दे, कुठे चाललायस?" म्हणजे पक्कं. "हं, दे नंबर" म्हणजे चालेल, पण राखीव ठेवा. "बघू", "एचआरकडूनच घे ना" किंवा दोन दिवस निळ्या टिका आणि उत्तर नाही, म्हणजे नाही. राग मानायचा नाही, त्याने तुम्हाला वाचवलंय. कोमट रेफरन्स हा वाईट रेफरन्सच असतो, कारण ऐकणारा त्यातल्या गॅप ऐकतो. मी स्वतः माणसं घेताना "परत घ्याल का?" विचारतो आणि उत्तर येण्याआधी किती वेळ शांतता आहे तेवढंच बघतो.

कंपनीची पॉलिसी ही पळवाट नाही बरं का. बऱ्याच मोठ्या कंपन्यांमध्ये मॅनेजरला कंपनीच्या नावाने रेफरन्स द्यायची परवानगी नसते, फक्त एचआर तारखा आणि पद कन्फर्म करतं. अशावेळी पर्सनल कॅपॅसिटीमध्ये, पर्सनल मेलवरून चालेल का ते दोन्हीकडे विचारून घ्यायचं.

एक पान लिहून पाठवायचं, सगळा खेळ इथे आहे

होकार आला की लोक थांबतात. मी पण थांबलो होतो. पहिल्यांदा नोकरी बदलली तेव्हा टीममध्ये माझ्याच नावाचे आम्ही दोघं होतो, मी आणि दुसरा एक, जो सोमवारी कधी यायचाच नाही. मॅनेजरला मी विचारलं होतं, ते हो म्हणाले होते, मी खूश. फोन आला तेव्हा त्यांच्या डोक्यात दुसराच होता. नव्या एचआरने मला बोलावून फार हळुवारपणे विचारलं, की तुमची तब्येत वगैरे ठीक असते ना? मला काही कळेना. ते निस्तरायला आठवडा गेला.

तर आता मी पान पाठवतो, पानभरच, जास्त लिहिलं तर कोणी वाचत नाही. त्यात काय: तुमचं पूर्ण नाव आणि तेव्हाचं डेझिग्नेशन, कधीपासून कधीपर्यंत त्यांच्याकडे होता, प्रोजेक्टचं नाव. मग दोन-तीन प्रसंग, विशेषणं नाहीत, प्रसंग. "मी मेहनती आहे" लिहून काही होत नाही. "मार्चच्या रिलीजच्या आदल्या रात्री पेमेंटचा बग सापडला, रिलीज चार तास पुढे ढकलली, तुम्ही क्लायंटशी बोललात" असं लिहिलं की समोरच्याच्या डोळ्यापुढे ती रात्र उभी राहते आणि बाकीचं तो स्वतःच्या शब्दांत बोलतो. नवीन जागा कसली आहे ते दोन ओळींत, जेडी (जॉब डिस्क्रिप्शन) आणि रिझ्युमे सोबत जोडा. का सोडताय तेही लिहा, कारण हा प्रश्न येतो आणि तुम्ही इंटरव्ह्यूत "ग्रोथ" सांगितलेलं असतं आणि सर म्हणतात "पैशाचं जमलं नाही त्याचं".

उणीव काय, हे विचारतातच. "काहीच नाही हो, परफेक्ट आहे" हे उत्तर ऐकलं की विचारणारा समजतो की घरचा माणूस दिसतोय. तेव्हा पानावर एक खरी उणीव पण लिहा आणि त्यावर तुम्ही काय केलं ते. माझी म्हणाल तर मी ईमेल लांबलचक लिहायचो, लोक वाचायचे नाहीत, मग वर तीन ओळींत मुद्दा लिहायला लागलो. एवढं पुरे. पाठ करून घ्यायचं नाही, दोन रेफरन्स एकच वाक्य बोलले की लगेच कळतं.

फॉर्म भरताना

रिझ्युमेत रेफरन्सची नावं-नंबर टाकू नका. तो रिझ्युमे नोकरीच्या पोर्टलवर चढतो, शंभर कन्सल्टन्सींकडे जातो आणि तुमच्या सरांना पुढची दोन वर्षं इन्शुरन्सवाल्यांचे फोन येतात. नंबर त्यांचा आहे, तुमचा नाही, आणि २०२३ साली आपल्याकडे पर्सनल डेटाचा कायदा झालाय तो असल्याच गोष्टींसाठी. "रेफरन्स मागितल्यास देऊ" ही ओळ पण काढा, मागितल्यावर देणारच आहात की. इंटरव्ह्यू झाले, बोलणी पुढे गेली, त्यांनी मागितले, की मग द्यायचे.

बीजीव्हीचा फॉर्म भरताना ऑफर लेटर, रिलिव्हिंग लेटर (नोकरी सोडल्याचं पत्र) समोर ठेवा आणि त्यावर जे आहे तेच लिहा, आठवणीतून नाही. लेटरवर "सॉफ्टवेअर इंजिनिअर" असेल आणि लिंक्डइनवर स्वतःला "क्यूए लीड" करून घेतलं असेल तर आत्ताच सरळ करा. मग ईपीएफओच्या (पीएफ ऑफिसच्या) पोर्टलवर किंवा उमंग ॲपवर जाऊन तुमच्या १२ आकडी यूएएनखालची (पीएफचा कायमचा नंबर) सर्व्हिस हिस्ट्री बघा. तिथे जॉइनिंग आणि एक्झिटच्या तारखा दिसतात आणि व्हेरिफिकेशनवाले हल्ली सगळ्यात आधी तेच बघतात, दोन कंपन्यांचा पीएफ एकाच महिन्यात दिसला की मूनलायटिंगचा, म्हणजे एकाच वेळी दोन नोकऱ्या केल्याचा, संशय येतो. जुन्या कंपनीने एक्झिट डेट टाकलीच नसेल तर शेवटच्या काँट्रिब्युशननंतर दोन महिने झाल्यावर ती तुम्हाला स्वतःला आधार ओटीपीने टाकता येते. नीट बघून टाका, घाईत चुकीची टाकली की निस्तरताना नाकी नऊ येतात.

रेफरन्सचा ऑफिशियल मेल आयडी मागतात. तो माणूस आता दुसऱ्या कंपनीत असेल तर आत्ताचा ऑफिशियल द्या आणि तेव्हाचं पद वेगळं लिहा. जीमेल दिला तर शंका घेतात, सोबत लिंक्डइनची लिंक दिली तर बहुतेक वेळा चालून जातं.

"सध्याच्या कंपनीला कॉन्टॅक्ट करायचा का?" असा एक टिकमार्क असतो. पेपर टाकला नसेल तर तिथे "नाही" करा आणि रिमार्कमध्ये लिहा की लास्ट वर्किंग डे नंतर करा. हे सगळे मान्य करतात, विचारायला लाजू नका. तो टिकमार्क न बघता सबमिट केलेल्या एकाला त्याच्याच मॅनेजरने चहाला बोलावून विचारलं होतं, "मग, कधी चाललास?"

नंबर दिला की त्याच तासात मेसेज

"सर, आज तुमचा नंबर अमुक कंपनीला दिलाय, तीन-चार दिवसांत फोन येईल, बाहेरच्या एजन्सीचा असेल, ट्रूकॉलरवर स्पॅम दाखवेल कदाचित, तरी प्लीज उचला. मेल आला तर स्पॅम फोल्डर पण बघा. कधी बोलायला बरं पडेल ते सांगितलंत तर त्यांना कळवतो." एवढं केलं असतं तर डीमार्टमध्ये माझी फजिती झाली नसती. सर अमेरिकेत असतील तर वेळ लिहूनच द्या, आपले सकाळचे साडेअकरा म्हणजे न्यू जर्सीत रात्रीचा एक, उन्हाळ्यात दोन. झोपेतून उठवलेला माणूस काय कौतुक करणार.

अडचणीचे प्रकार

कंपनी बंद पडली, एचआर फोनच उचलत नाही. रिपोर्टवर "अनेबल टू व्हेरिफाय" येतं आणि लोक घाबरतात. घाबरू नका, कागद द्या: ऑफर लेटर, पेस्लिप, फॉर्म १६, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट, पीएफची हिस्ट्री. फॉर्म २६एएस तर फार कामाचा, तुमचा टीडीएस कापला असेल तर कंपनीचं नाव आणि टॅन (टीडीएस कापणाऱ्याचा नंबर) सरकारी कागदावर येतं. कंपनी रजिस्टर्ड होती आणि आता स्ट्राईक ऑफ झालीय, म्हणजे रजिस्टरमधून काढलीय, हे एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साईटवर दिसतं, तो स्क्रीनशॉट जोडा. आणि तिथल्या जुन्या मॅनेजरचा रेफरन्स द्या, अशा वेळी तोच तारून नेतो.

भांडून सोडली असेल तर? मॅनेजरशी बिनसलं होतं तर त्याच कंपनीतला दुसरा कोणीतरी शोधा, स्किप मॅनेजर (तुमच्या मॅनेजरचा मॅनेजर), दुसऱ्या टीमचा लीड. आणि नवीन एचआरला त्यांना कळायच्या आधी तुम्हीच सांगा, एका वाक्यात, सूर न चढवता: "शेवटच्या मॅनेजरशी कामाच्या पद्धतीवरून मतभेद होते, तिथल्याच अमुक यांच्याशी बोलू शकता." पुढची कहाणी सांगत बसू नका, ऐकणारा बाजू घेत नसतो, मोजत असतो.

नोटीस न देता निघून आलात आणि रेकॉर्डला "ॲबस्काँडिंग" लागलंय, तर त्यावर रेफरन्सचा मुलामा चालत नाही. जुन्या एचआरला मेल करा, नोटीसची रिकव्हरी (न दिलेल्या नोटीसबद्दल भरायचे पैसे) किती होते विचारा, शक्य असेल तर भरा आणि रिलिव्हिंग घ्या. कटकटीचं आहे, पैसे पण जातात, पण दर नोकरीला तोच प्रश्न परत येण्यापेक्षा परवडतं.

बाहेरच्या देशात जायचं असेल तर प्रकरण जरा वेगळं आहे. कॅनडाच्या पीआरसाठी (तिथे कायमचं राहायच्या परवान्यासाठी) लेटरहेडवर पद, कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, वार्षिक पगार, वरिष्ठाची सही असं सगळं लागतं, आणि आपलं रिलिव्हिंग लेटर चार ओळींचं असतं. ते सविस्तर पत्र नोटीस पिरियडमध्येच मागून घ्या, तेव्हा एचआर समोर बसलेला असतो, तीन वर्षांनी मेलला उत्तर येत नाही. ब्रिटनच्या एनएचएसमध्ये (तिथली सरकारी आरोग्यसेवा) किमान मागच्या तीन वर्षांचे रेफरन्स बघतात. जर्मनीत कंपनीने लेखी सर्टिफिकेट देणं हा कामगाराचा कायदेशीर हक्कच आहे, आणि त्याची भाषा इतकी ठरलेली की समाधानाच्या वाक्यातला "नेहमी" हा शब्द गळला तर वाचणारा समजतो की ग्रेड खाली आहे. तिथे जुन्या नोकरीचं सर्टिफिकेट मिळालं की तिथल्याच जाणत्या माणसाकडून वाचून घ्या, गोड वाटलं म्हणून खूश होऊ नका.

नंतर

निकाल कळवा. नोकरी लागली तर फोन करा, भेट होणार असेल तर पेढे न्या, आणि नाही लागली तरी कळवा, कारण त्या माणसाने आपली वेळ आणि शब्द दोन्ही दिलेत. महिन्याभरात एकाच सरांना चार फोन जात असतील तर नावं आलटून पालटून द्या. आणि फक्त कामापुरता मेसेज नको, वर्षातून दोनदा तरी "कसे आहात" विचारत राहा. दिवाळीचा फॉरवर्ड त्यात धरत नाहीत.

तुम्हाला कोणी रेफरन्स मागितला आणि मनातून द्यायचा नसेल तर तिथल्या तिथे सांगा, "मला तुझं काम जवळून बघायला मिळालं नाही, दुसऱ्या कोणाला विचार." हो म्हणून फोनवर गुळमुळीत बोलणं हे सगळ्यात वाईट.

तो चिवडेवाला पोरगा मागच्या दिवाळीत परत नोकरी बदलत होता. या वेळी आधी मेसेज आला, मग एक पान आलं, तारखा बरोबर, तीन वर्षं ठळक करून, बहुतेक माझ्यासाठीच. त्यात लिहिलं होतं की पेमेंटचा तो बग मी एकट्याने पकडला. मी फोन करून म्हटलं, अरे, त्या रात्री तुझ्या शेजारी ती नागपूरची मुलगी बसली होती ना, पहिल्यांदा तिला दिसला होता. तो जरा थांबला, म्हणाला, "हो सर, बरोबर." दहा मिनिटांत पान परत आलं, "आम्ही दोघांनी" असं करून. एजन्सीचा फोन मंगळवारी अकराला आला, आणि तेव्हा मी घरी, पान समोर ठेवून बसलो होतो.